हिल्माची चूल

काचेपलीकडच्या आवाजबंद खोलीत बसलेल्या बाईने कानांवरचे हेडफोन जरासे सरकवले, हातातलं बटण मांडीवर ठेवलं आणि ती बोलायलाच लागली. चाचणी चालू असताना बोलायचं नसतं हे ऐनोने तिला दोनदा सांगून झालं होतं. पण मॅव्हिस टॉलेफ्सन एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाली होती. गप्प बसा म्हणून ओरडायची तिला सवय होती, स्वतः गप्प बसायची नव्हती.

“कान कशानं गेला ते मला पक्कं ठाऊक आहे,” टेबलावरच्या स्पीकरमधून तिचा आवाज आला. “बंदुकीनं. पाच वर्षं झाली, तितरं मारते मी. आणि आधीच सांगते बाई, सोडा म्हणालात तरी सोडणार नाही. वर उत्तरेला एक जागा आहे, हिल्माची चूल म्हणतात तिला. ऑक्टोबरात एकदा तिथं उभ्या राहा, मग तुम्हीच म्हणाल, गेला तर जाऊ दे एक कान.”

ऐनोचं बोट कळीवर होतं ते तसंच राहिलं. काचेत तिला स्वतःचा चेहरा अंधूक दिसत होता आणि त्याच्या आरपार मॅव्हिसचा, लालसर, हसरा. “बटण हातात घ्या,” ती माइकमध्ये म्हणाली. “सूर ऐकू आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी.” आवाज तिचाच होता, रोजचा, मऊ, आजवर काही हजार बहिऱ्या माणसांना धीर देऊन गुळगुळीत झालेला. तिने डाव्या कानात हजार कंपनांचा सूर सोडला. मॅव्हिसने बटण दाबलं. दोन हजार. दाबलं. आणि या सगळ्याच्या खाली कुणीतरी एक जड लोखंडी वस्तू उचलून दाराबाहेर फेकल्यासारखं तिला झालं.

हिल्मा नावाची बाई कधी नव्हतीच. ही गोष्ट जगात चार माणसांना ठाऊक होती आणि त्यांतली दोन आता नव्हती. मिनियापोलिसहून गाडीने साडेतीन तास वर गेल्यावर, ॲस्पेनच्या झाडांच्या दाट कोवळ्या रानात, कुणा फिनिश कुटुंबाने शंभर वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या शेताच्या कडेला एक गंजलेली चूल उलथी पडली होती. ऐनो सात वर्षांची आणि धाकटा भाऊ डेल पाच वर्षांचा असताना बापाने दोघांना तिच्यावर बसवून सांगितलं होतं, की इथे हिल्मा राहायची, तिचा नवरा रोज जेवायला उशिरा यायचा, एक दिवस तिने चूलच फेकून दिली, आणि तो बिचारा अजून भुकेला रानात फिरतोय. तितर उडताना जो भर्रकन आवाज येतो ना, तो त्याच्या पोटातला. डेल रडला होता. ऐनो हसली होती. तेव्हापासून त्या जागेचं ते नाव. अशा आणखी सात जागा होत्या, प्रत्येकीला घरातलंच नाव, आणि त्या जागा बाहेर कुणाला सांगायच्या नाहीत हा घरातला एकमेव कायदा होता. देवाबद्दल दुमत चालायचं, याबद्दल नाही. बाप गाडी मुद्दाम अर्ध्या मैलावर, भलत्याच बाजूला उभी करायचा. परतताना बुटांनी पायवाटेवरचे ठसे पुसायचा. चर्चमध्ये पास्टरने एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, “रेइनो, एवढी तितरं तुला मिळतात तरी कुठे?” आणि बापाने टोपी हातात धरून, अगदी नम्रपणे उत्तर दिलं होतं, “देवाच्याच राज्यात, पास्टर. जरा उत्तरेला.” लग्नाच्या अकरा वर्षांत ऐनोने नवऱ्याला त्यातली एकही जागा सांगितली नव्हती. घटस्फोटाच्या वेळी तो म्हणाला होता, तू मला कधी आत घेतलंच नाहीस. तिला तेव्हा पहिल्यांदा चुलीकडे जाणारा तो रस्ता डोळ्यांसमोर आला होता, खडीचा, आणि नवऱ्याने विचारल्यावर आपण नकाशावर त्याच्या वळणापाशी बोट ठेवून नुसतं ‘इथे कुठेतरी’ म्हणालो होतो ते.

डेल. दुसरं कोण असणार? डेलला कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नाही. बिअरच्या दोन ग्लासांनंतर कुठल्यातरी बारमध्ये त्याने फोनवर नकाशा काढून दाखवला असेल. बापाला जाऊन सहा महिने झाले नाहीत. तिने तीन हजारांचा सूर सोडला. बटण दाबायला जरा उशीर झाला. डेलला आज रात्री फोन करून काय काय बोलायचं याची वाक्यं तिच्या मनात भराभर तयार होऊ लागली, लहान, थंड, एकेक नेमाने घासलेली. या शनिवारी दोघांनी मिळून बापाच्या अस्थी तिथे नेऊन सोडायच्या होत्या. तिने चार हजार सोडला. काचेपलीकडे मॅव्हिस शांत बसून होती. तिने आवाज वाढवला. मॅव्हिस भिंतीकडे बघत होती. आणखी वाढवला. आता मॅव्हिसने भुवया उंचावल्या आणि बटण दाबलं, लांबून कुणी हाक मारल्यासारखं. ऐनोने आलेखावर खूण केली, खूप खाली.

“ती जागा,” तिने माइकचं बटण दाबून विचारलं, “तुम्हाला कुणी दाखवली?”

“रेइनोनं! रेइनो कालुंकी. म्हातारा आहे एक तिकडचा, फिन आहे, हट्टी. माझा नवरा गेला ना, तेव्हा त्याचा कुत्रा माझ्या गळ्यात पडला. बंदूक नाही, शिकार नाही, नुसता कुत्रा. तो घेऊन मी वर बहिणीकडे गेले होते, तर पेट्रोल भरताना हा म्हातारा खिडकीत तोंड घालून मला म्हणतो, बाई, या कुत्र्याला तुम्ही घरात ठेवता? हे म्हणजे पास्टरला दारूच्या दुकानात बसवणं झालं.” ती हसली. “तिथून सुरू झालं बघा. बंदूक धरायला त्यानंच शिकवलं. खांद्यात कुठं रुतवायची, डोळे दोन्ही उघडे कसे ठेवायचे, सगळं.”

“पुढचा सूर,” ऐनो म्हणाली.

सहा हजार. आठ हजार. उजवा कान. उजवा कान जवळजवळ चांगला होता. उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. म्हणून आधी डावा जातो, आणि जाताना वरच्या सुरांपासून जातो. बापाचाही तसाच गेला होता. त्याचा आलेख तिने कधी काढला नव्हता, त्याने काढू दिला नव्हता, पण तो तिला आठ वर्षांची असल्यापासून तोंडपाठ होता. शिकारीच्या सेटर जातीच्या कुत्र्याच्या गळ्यात पितळेची छोटी घंटा असते. कुत्रा दाट रानात दिसत नाही, फक्त वाजत राहतो, इकडे, तिकडे, दूर, जवळ, आणि तितराचा वास आला की जागच्या जागी थिजतो. घंटा थांबते. ती थांबली की माणसाने त्या दिशेने चालायचं. आता ज्याला घंटेचा सूरच ऐकू येत नाही त्याच्यासाठी कुत्रा सतत थांबलेला असतो. रान नेहमीच गप्प. बाप प्रत्येक झुडपापुढे बंदूक सज्ज करून उभा राहायचा आणि कुत्रा दोनशे पावलांवर भलतीकडे पळत असायचा. मग ऐनोला न्यायला लागला. तिने त्याच्या उजव्या हाताला, एक पाऊल मागे चालायचं. “थांबली का, पोरी?” तो न वळता विचारायचा. “नाही अजून.” “आता?” “थांबली. अल्डरच्या झुडपाच्या डाव्या बाजूला.” आणि तो जायचा. ती तिथेच थांबायची. तिला बार ऐकू यायचा, पंखांचा आवाज, मग बापाचं हसू किंवा शिवी. दहा वर्षांची, अकरा, बारा, तेरा. कानांत बोळे घालायला तिला बंदी होती आणि बार व्हायच्या वेळी पुढे जायलाही. तिचे कान शाबूत राहिले. ते बोटांनी झाकूनसुद्धा ती घंटा ऐकू शकायची, असं तिला वाटायचं. रात्री अंथरुणात ती वाजायची आणि मध्येच थांबायची आणि ती दचकून जागी व्हायची, कारण आता सांगायला हवं.

मॅव्हिस बाहेर येऊन तिच्या समोर बसली. ऐनोने आलेख तिच्याकडे फिरवला आणि ती नेहमीचं समजावू लागली. ही रेघ उजवी, ही डावी. इथे खड्डा पडलाय बघा. हा आता भरून यायचा नाही. “बार करताना कानांना काही लावत नव्हतात?”

“छे! म्हातारा लावू देईल तर ना! कानात बोळे कोंबलेस तर घंटा कोण ऐकणार, तुझा बाप? असं म्हणायचा. त्याला स्वतःला ठो ऐकू येत नाही. मीच सांगायची, थांबली रे, चल. आणि मग तोच म्हणायचा, तू मार, तू जवळ आहेस.” मॅव्हिसने बोटाने आलेखावरचा खड्डा हळूच पुसल्यासारखा केला. “भला माणूस पण. जरा एकटा. मुलगा आहे, तो आपल्या मित्रांबरोबर जातो. मुलगी इथेच शहरात कुठंतरी असते म्हणे. तिला कधी आवडच नव्हती या सगळ्याची. मी खूप मागे लागलो होतो म्हणाला, बंदूक घे, बंदूक घे, तिनं हात लावला नाही. म्हणाला, मॅव्हिस, पोरीनं एकदा नुसती मागितली असती ना, मी माझी स्वतःची दिली असती.” तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. “यंदा फोन उचलत नाहीये. तुम्हाला सांगते, रुसला असणार. वसंतात कुत्र्याची पिल्लं बघायला जायचं ठरलं होतं, मला जमलं नाही.”

आता सांगायला हवं होतं. ऐनोला ते स्पष्ट कळत होतं. बापाचं आडनाव तिने लग्नात सोडलं होतं आणि घटस्फोटानंतर परत घेतलं नव्हतं. दारावरच्या पाटीवरून या बाईला काही कळणार नव्हतं. एक वाक्य पुरे होतं. तिने पुस्तिका काढली, श्रवणयंत्रांच्या दोन नमुन्यांवर खुणा केल्या आणि म्हणाली, “दोन आठवड्यांनी या. साच्यासाठी कानाचं माप घेऊ.” मॅव्हिसने तिचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. हात उबदार होते आणि खरबरीत.

घरी जाताना पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. नदीवर ऊन होतं. ऐनोने काच खाली केली, वर केली. सहा वर्षं. सहा वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, तिने बापासाठी श्रवणयंत्रं बनवून नेली होती, चांगली, तिच्या हाताने बसवलेली, घंटेचा सूर नेमका उचलतील अशी. त्याने ती अर्धा दिवस लावली, मग काढून स्वयंपाकघरातल्या खणात टाकली. “यात घंटा चमच्यांसारखी वाजते,” तो म्हणाला. “आणि तू आहेस की. शनिवारी ये म्हणजे झालं.” तेव्हा तिच्या तोंडून गेलं होतं, “मी तुमचा कान नाही, बाबा. यापुढे तुमचं तुम्ही ऐका.” त्या ऑक्टोबरात ती गेली नाही. पुढच्याही नाही. फोनवर ती विचारायची, रानात जाता का? तो म्हणायचा, “जातो. एकटाच. वेरा सांभाळून घेते.” वेरा ही त्याची कुत्री. आणि सहा वर्षं, प्रत्येक ऑक्टोबरात, चाचणीच्या खोलीत लोकांच्या कानांत सूर सोडताना ऐनोला तो दिसत राहायचा: एका झुडपापुढे बंदूक सज्ज करून उभा, एकटा, रान गप्प, आणि घंटा दूर कुठेतरी खणखणत असलेली. तिने त्याला त्या झुडपापुढे सोडून दिलं होतं. एप्रिलमध्ये त्याच्या शवपेटीपाशीसुद्धा तिला तेच दिसलं होतं. आणि तो तिथे नव्हताच. तो एका बस चालवणाऱ्या बाईला पास्टरचे विनोद सांगत होता आणि ‘तू मार, तू जवळ आहेस’ म्हणत होता.

दुःख तिने ओळखलं असतं. त्याची तिला एप्रिलपासून सवय झाली होती. हे दुसरंच काही होतं, कोरडं, ताठ, जवळजवळ आनंदासारखं. ‘पोरीनं एकदा नुसती मागितली असती.’ तिने मागितली होती. डेलचा बारावा वाढदिवस. जेवणाच्या टेबलावर त्याच्यापुढे वीस बोअरची दुनळी बंदूक, नवीन नाही, आजोबांची, तेल लावून पुसलेली. आईने केक कापला होता. ऐनो चौदा वर्षांची होती. ती बापाच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाच्या बाजूला बसली होती, मुद्दाम. आदल्या रात्री तिने वाक्य पाठ केलं होतं. ती मोठ्याने, स्पष्ट म्हणाली होती, “मलाही हवी.” बापाने ऐकलं होतं. त्याने तिच्याकडे बघितलं, तिचा कान अंगठा आणि बोट यांत धरून हलवला, आणि म्हणाला, “तुला कशाला? हे दोन दिलेत ना देवानं. हे खराब झाले तर मी काय करू?” सगळे हसले. कान त्याने लाडानेच धरला होता. पस्तीस वर्षं तिने त्या लाडावर काढली होती. त्याने मला बंदूक दिली नाही कारण माझे कान त्याला मोलाचे होते, ही तिची घरातली जागा होती, एका पावलाएवढी, त्याच्या उजव्या हाताला मागे. या गोष्टीवर तिने धंदा उभारला होता, खरं म्हणजे. आणि म्हातारपणी त्याने ती जागा रिकामी झालेली बघून सरळ दुसरीला दिली, वर बंदूकही दिली, तिचा कान जाऊ दिला, आणि पहिलीविषयी सांगितलं काय, तर तिने कधी मागितलीच नाही. खोटं बोलायची तरी काय गरज होती? मेलेल्या माणसाला विचारता येत नाही. हीच तर त्यांची चलाखी.

शुक्रवारी संध्याकाळी तिने कागदपत्रांतून मॅव्हिसचा नंबर काढला. असं करायचं नसतं. केलं.

“मी कानांच्या दवाखान्यातून बोलतेय. रेइनो कालुंकी एप्रिलमध्ये गेले. अचानक, झोपेत. मी त्यांची मुलगी.”

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग मॅव्हिस म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी काचेमागे तू होतीस.”

“हो.”

“आणि मी बडबडत होते, आणि तू मला बटण दाबायला लावत होतीस.”

“हो.”

“वा गं वा.” श्वासाचा आवाज आला, नाक ओढल्याचा. “बस चालवत असते ना, तर तुला तिथंच रस्त्यात उतरवली असती मी.”

“माझी चूक झाली,” ऐनो म्हणाली. “पण एक सांगायचंय. मी मागितली होती. बंदूक. चौदा वर्षांची असताना. ते नाही म्हणाले.”

“म्हातारा खोटं बोलला म्हणजे.”

“हो.”

“मला का सांगतेस?”

“कुणालातरी ठाऊक असावं म्हणून.” तिला पुढचं वाक्य जड गेलं. “उद्या आम्ही तिथं जातोय. त्यांना घेऊन. तुम्हाला यायचं असेल तर या.”

“नाही,” मॅव्हिस म्हणाली. “उद्या मी आलेच तर त्याला चार शिव्या घालीन, आणि ते तुझ्यासमोर नको. माझी मी जाईन नंतर.” आणि तिने फोन ठेवला.

डेल सकाळी नऊला ठरल्या जागी, महामार्ग सोडून आत वळतात त्या कोपऱ्यावर, ट्रकमध्ये बसून वाट बघत होता. तो खाणीत मोठ्या गाड्या दुरुस्त करायचा. नखांतलं काळं आईच्या अंत्यविधीलाही निघालं नव्हतं. ऐनो आत चढल्यावर वेरा दोघांच्या मधल्या सीटवर बसली, म्हातारी, तोंडावर पांढरी झालेली, आणि तिने ऐनोच्या हाताला नाक लावून एक उसासा टाकला. बापाने सांगून ठेवलं होतं की त्याची राख काडतुसांत भरायची आणि हिल्माच्या चुलीपाशी हवेत झाडायची. तिकडे बरेच लोक असं करतात. चर्चही आता डोळेझाक करतं. छर्‍यांच्या जागी राख, बाकी सगळं तेच. डेलने ती तळघरात स्वतःच भरली होती, पिवळी, वीस बोअरची, सहा.

“दाखव,” ऐनो म्हणाली.

त्याने खिशातून काढून तिच्या ओंजळीत ठेवली. चार होती.

“सहा म्हणाला होतास.”

डेलने गाडी सुरू केली. खडीचा रस्ता लागला. मग तो म्हणाला, “ओरडणार नसशील तर सांगतो.”

“ओरडणार आहे. सांग.”

“शिकारीचा मोसम उघडला त्या शनिवारी गेलो होतो. एकटाच.”

“आपण ठरवलं होतं दोघांनी—”

“ठाऊक आहे. गेलो. बाबांचं जाकीट घातलं होतं. राखेची काडतुसं हरवू नयेत म्हणून त्याच्याच डाव्या खिशात ठेवली होती, आणि विसरलो. वेरा थांबली. तितर उठलं. मी दोन्ही नळ्या झाडल्या.” त्याने वळणावर गाडी हळू केली. “नुसता पांढरा धूर, ऐनो. तितर त्यातून आरामात निघून गेलं. मी म्हटलं, हे काय झालं? आणि मग डोक्यात प्रकाश पडला. बाबांनाच मारलं मी तितरावर. आणि बाबा चुकले. दोन्ही वेळा.”

ऐनोला हसू आलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. पिवळी पानं गाडीच्या काचेवर येऊन चिकटत होती. “ते कधी चुकायचे नाहीत,” ती म्हणाली.

“चुकायचे की. तू मागे असायचीस. तुला कुठं दिसायचं?”

त्यांनी गाडी अर्ध्या मैलावर भलत्या बाजूला लावली, दोघांपैकी कुणी न सांगता. आत शिरल्यावर रानाने त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं, दंडाएवढी झाडं, खाली ओलसर पानांचा वास, कुजक्या सफरचंदासारखा. चालताना ऐनोच्या लक्षात आलं की आपण डेलच्या उजव्या हाताला एक पाऊल मागे चाललोय. ती पुढे गेली. मग तिने ते विचारलं, मान न वळवता, कारण समोरासमोर विचारता आलं नसतं.

“तुझ्या बाराव्या वाढदिवसाला मी काही मागितलं होतं. आठवतं?”

मागे डेलची पावलं थांबली नाहीत. “बंदूक. ‘मलाही हवी’ म्हणालीस. बाबांनी तुझा कान ओढला. आई म्हणाली, रेइनो, तिलाही दे की एखादी. ते म्हणाले, मग ऐकणार कोण? आणि मी हसलो.” काटकी मोडल्याचा आवाज आला. “सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो होतो. मला वाटलं, दोन बंदुका आल्या तर माझी जुनी ठरेल.”

आई काही म्हणाली होती हे तिला आठवत नव्हतं. ती चालत राहिली. डोळे भरून आले ते तिने भरू दिले, कारण डेल मागे होता.

“त्यांनी लोकांना सांगितलं की मी कधी मागितलीच नाही,” ती म्हणाली.

“बाबा काय, काहीही सांगायचे.”

“काहीही नाही. हे सांगितलं.”

डेलने बापाची बाजू पुढे रेटली नाही, आणि त्याबद्दल ती त्या क्षणी त्याची ऋणी झाली.

चूल तिथेच होती. तिच्या भट्टीच्या दारातून बर्चचं एक झाड उगवून मनगटाएवढं झालं होतं. वेरा लांब गवतात बसली. डेलने बंदूक उघडली, नळ्यांतून आरपार बघितलं, सवयीने, आणि मग ती आडवी धरून ऐनोपुढे केली. आजोबांची दुनळी. दस्त्याला हात लागून लागून झालेला तो काळसर तकाकीचा भाग.

“ही चार तू झाड,” तो म्हणाला. “मी माझी दोन झाडली.”

तिने हात पुढे केला नाही. हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून ती पस्तीस वर्षं थांबली होती, आणि ते असं आलं होतं, चांगल्या मनाने, योग्य माणसाकडून, चुकीच्या तोंडातून. बंदूक सुंदर होती. ती धरली असती तर ती खांद्यात कुठे रुतते हे तिला कळलं असतं. बार झाला असता, डोंगरापर्यंत गेला असता, आणि बापाला जे हवं होतं तेच झालं असतं: रान, धूर, दणका, आणि त्याची पोर अखेर नीट मार्गाला लागलेली. पुढे सगळ्यांना सांगायला एक छान गोष्ट. डेलने ती बारमध्ये सांगितली असती, डोळे पुसत. ती गोष्टसुद्धा बापाचीच झाली असती.

“मागितली तेव्हा हवी होती,” ती म्हणाली. “चाकू दे तुझा.”

“कशाला?”

“दे तर.”

त्याने खिशातला चाकू दिला. ती चुलीच्या काठावर बसली. काडतुसाच्या तोंडाशी प्लॅस्टिकची चुणीदार घडी असते. तिने पात्याचं टोक तिच्यात घातलं आणि एकेक पाकळी उचकटली. बारीक कामाला तिचे हात चांगले होते; रोज ती माणसांच्या कानांत याहून नाजूक गोष्टी करायची. घडी उघडली. आत राख होती, करडी, जाडसर, मध्ये मध्ये वाळूसारखे खडे. तिने काडतूस उलटं केलं. राख गवतात पडली. काहीच आवाज झाला नाही, पानावर पान पडल्याएवढासुद्धा नाही, आणि जो झाला तो या रानात उभ्या असलेल्या माणसांपैकी फक्त तिला ऐकू आला असता.

डेल बंदूक काखेत उघडी घेऊन उभा होता. तो राखेकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग पुन्हा राखेकडे, आणि त्याच्या तोंडावर तोच भाव होता जो लहानपणी घरात काही फुटलं की यायचा.

“बाबांना हे अजिबात आवडलं नसतं,” तो म्हणाला.

“नाही, आवडलं नसतं,” ऐनो म्हणाली, आणि तिने पुढचं काडतूस उचललं.